एकाच पोकलेनचा मेन पंप दोनदा गेला: ब्रेकरचे तास आणि हायड्रॉलिक तेलाचा हिशेब

काम काळ्या पाषाणातल्या रस्ता कटिंगचे. २० टनी वर्गातली एक पोकलेन, तिला ब्रेकर (तेलाच्या दाबावर दगड फोडणारा हातोडा), मागे माल वाहायला टिपर. अवर मीटरवर १,१०० तास होईपर्यंत मशीनने बकेटने फक्त माती आणि मुरूम काढला. मग पाषाण लागला, ब्रेकर बसला आणि तिथून पुढे दर दहा तासांतले आठ तास ब्रेकर चालू राहिला. ३,४०० तासांवर मेन पंप, म्हणजे सगळ्या मशीनला दाबाखाली हायड्रॉलिक तेल पुरवणारा पंप, गेला. पंप उघडून किट (झिजणाऱ्या भागांचा संच) टाकली, मशीन पुन्हा कामाला लागले, आणि ३,७२० तासांवर तोच पंप परत निकामी झाला. दुसऱ्या वेळी साइटवर सगळ्यांनी बोट दाखवले ते पंप बांधणाऱ्या मिस्त्रीकडे. मिस्त्रीचा त्यात फारसा दोष नव्हता.

हे प्रकरण एका ठरावीक फर्मचे नाही. खाणीवर आणि रस्त्याच्या कामांवर वरचेवर दिसणारी परिस्थिती इथे एका मशीनवर बसवून मांडली आहे. रुपयांचे आकडे हिशेबाची रीत कळावी म्हणून गोल धरले आहेत. त्या जागी आपल्या बिलांचे आकडे घालावेत.

नोंदवहीत काय होते

देखभाल होतच नव्हती असे नाही. इंजिन ऑइल आणि त्याचा फिल्टर दर २५० तासांनी बदलला जात होता. डिझेल फिल्टर वेळेवर. हायड्रॉलिकचा रिटर्न फिल्टर (टाकीत परतणारे तेल गाळणारा) १,०००, २,००० आणि ३,००० तासांना बदलल्याच्या नोंदी होत्या. हायड्रॉलिक तेल मात्र कारखान्यातून भरून आले तेच, कारण पुस्तकात ४,००० तास लिहिले होते आणि ४,००० अजून लांब होते.

एअर क्लीनर रोज उघडून झटकला जायचा. हे काळजीचे लक्षण वाटते, पण दर उघडण्याला थोडी धूळ आत जातेच. इंडिकेटर लाल झाल्यावरच बाहेरचा फिल्टर काढावा, हवा मारायची तर २ बारच्या आत आणि आतून बाहेर. आतला सेफ्टी फिल्टर कधीच साफ करायचा नसतो, थेट बदलायचा.

खरी मेख त्या ४,००० च्या आकड्यात होती. पुस्तकातला मोठा आकडा बकेटच्या कामासाठी असतो. त्याच पुस्तकात पुढे, बहुधा ॲटॅचमेंटच्या प्रकरणात, ब्रेकरसाठी वेगळा तक्ता किंवा आलेख दिलेला असतो. पूर्ण वेळ ब्रेकर चालत असेल तर काही कंपन्या हायड्रॉलिक तेल ६०० तासांना आणि रिटर्न फिल्टर १०० तासांना बदलायला सांगतात. ज्याला मशीन विकताना सर्व्हिसचा तक्ता भिंतीवर लावून दिला जातो, त्याच्या हाती हे पान सहसा लागत नाही.

ब्रेकर तेलाचे काय करतो

ब्रेकरमधला पिस्टन मिनिटाला शेकडो ठोके मारतो. प्रत्येक ठोक्याला रिटर्न लाइनमध्ये दाबाचा धक्का जातो, तेल घुसळते, तापते आणि पातळ होत जाते. हा झाला एक भाग. दुसरा भाग धुळीचा. छिन्नी दगडाच्या पिठात वरखाली होते. छिन्नी आणि तिचे बुश (छिन्नीला धरून ठेवणारी कडी) यांच्यात ग्रीस नसेल तर ते पीठ छिन्नीला चिकटून वर चढते, बुश घासते, फट वाढते, मग डस्ट सील जाते आणि शेवटी पिस्टनच्या सीलपाशी पोचते. तिथून ते तेलात मिसळायला वेळ लागत नाही.

तिसरा रस्ता सर्वांत दुर्लक्षित. बकेट काढून ब्रेकर लावताना दोन होज पाइप सुटतात. त्यांच्या तोंडांना लोखंडी टोप्या आणि मशीनवरच्या जोडाला प्लग हवेत. साइटवर दिसते ते असे: होजच्या तोंडाला प्लास्टिकची पिशवी बांधलेली, नाहीतर तेही नाही, आणि होज मुरमात पडलेला. ब्रेकर भाड्याचा असेल तर आधीच्या मशीनच्या तेलातला कचराही त्याच्यासोबत येतो. या साइटवर ब्रेकर दोनदा बदलला होता, दोन्ही वेळा भाड्याचा.

आता पंपाकडे. २० टनी मशीनचा पिस्टन पंप ३४० ते ३५० बार दाबावर चालतो. त्यात पिस्टन आणि बोअर यांच्यातली फट ५ ते ४० मायक्रॉन असते. व्हॉल्व्ह प्लेट आणि सिलिंडर ब्लॉक यांच्यातली फट त्याहून कमी, अर्धा ते ५ मायक्रॉन. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा. म्हणजे पंपाला मारणारे कण डोळ्याला दिसतच नाहीत. ‘तेल तर स्वच्छ दिसतंय’ या वाक्याला त्यामुळे काही अर्थ उरत नाही.

२,९०० ते ३,४०० तास

पंप अचानक जात नाही. या मशीननेही पाचशे तास आधीपासून सांगायला सुरुवात केली होती.

सकाळी मशीन ठीक चालायचे. दुपारी तेल तापले की बूम (मशीनचा मोठा हात) उचलायला आळस करायचे आणि ब्रेकरचे ठोके मंद पडायचे. याचा अर्थ सरळ आहे: थंड, जाड तेल झिजलेल्या फटीतून कमी निसटते, गरम आणि पातळ तेल जास्त. पंपाच्या आतली गळती वाढली होती. ती मोजण्याची सोय आहे. पंपाची केस ड्रेन लाइन (पंपाच्या कवचात झिरपलेले तेल टाकीत परत नेणारी नळी) सोडून ठरावीक आरपीएमला आणि ठरावीक तापमानाला एका मिनिटात किती लिटर तेल येते ते मापात धरायचे. मात्र तो आकडा एकटा फारसे बोलत नाही. मशीन नवे असताना हीच चाचणी घेऊन लिहून ठेवलेला आकडा असेल तर फरक कळतो. इथे तो नव्हता.

मंदपणावर साइटच्या फिटरने उपाय केला तो नेहमीचा. मेन रिलीफ व्हॉल्व्हचा (ठरावीक दाबापलीकडे तेल सोडून देणाऱ्या झडपेचा) स्क्रू थोडा आवळला. दोन दिवस बरे वाटले. वाढलेल्या दाबाने गळती आणि उष्णता आणखी वाढली, आणि तेल थंड करणाऱ्या कूलरच्या जाळीत धूळ व तेल यांचा लेप बसलेला असल्याने ती उष्णता बाहेर पडेना. तेल ८० अंश सेल्सिअसच्या वर वरचेवर जाऊ लागले की सील कडक होतात आणि तेलाचे आयुष्य झपाट्याने घटते. दाबाची तक्रार असेल तर आधी गेज लावून दाब मोजायचा; गेज न लावता स्क्रूला हात लावायचा नाही.

सर्वांत स्पष्ट पुरावा ३,००० तासांना हातात आला होता. बदललेल्या रिटर्न फिल्टरच्या घड्यांत सोनेरी चकाकी होती. फिल्टर फेकून दिला गेला. पंपातल्या पिस्टनच्या टोकाला असलेले शू कांस्याचे असतात. सोनेरी चकाकी म्हणजे ते झिजत आहेत. प्रत्येक जुना फिल्टर करवतीने नव्हे, तर कटरने कापून (करवतीचा भुसा निकाल बिघडवतो), कागद पसरून बघायचा. चुंबकाला चिकटणारा चुरा लोखंडाचा, न चिकटणारा पिवळसर चुरा कांस्य किंवा पितळेचा, काळे रबरी तुकडे सीलचे. या तपासणीला दहा मिनिटे लागतात आणि खर्च शून्य. त्या दिवशी मशीन थांबवले असते तर बहुधा शू, पिस्टन आणि व्हॉल्व्ह प्लेटवर भागले असते आणि चुरा पुढे पसरला नसता.

दुसरा पंप का गेला

पहिल्या वेळी काय केले ते असे: पंप उतरवला, नवी किट टाकली, टाकीतले तेल काढले, नवे भरले, फिल्टर बदलला, मशीन सुरू. वरकरणी सगळे केले.

या वर्गाच्या मशीनमध्ये हायड्रॉलिक तेल एकूण २४० लिटरच्या आसपास असते. त्यातले टाकीत निम्म्याहून थोडे जास्त. बाकीचे सिलिंडर, होज, कंट्रोल व्हॉल्व्ह, स्विंग व ट्रॅव्हल मोटर आणि कूलरमध्ये. टाकी रिकामी केली म्हणजे निम्मे तेल बदलले. उरलेले निम्मे, पंपाच्या चुऱ्यासकट, मशीनमध्येच राहिले. कूलरच्या बारीक नळ्यांत अडकलेला चुरा तर पुढचे शेकडो तास थोडा थोडा सुटत राहतो. नव्या पंपाला पहिल्या दिवसापासून जुन्या पंपाचा चुरा मिळत होता. शिवाय धुळीचा मूळ रस्ता, म्हणजे झिजलेल्या बुशचा ब्रेकर, तसाच होता.

दुसऱ्या दुरुस्तीत क्रम बदलला. तो जरा तपशिलात देण्यासारखा आहे, कारण पंप बदलण्याचे काम अनेकांना येते, सिस्टिम साफ करण्याचे काम टाळले जाते.

टाकी पूर्ण रिकामी करून आतून पुसली, धागे न सुटणाऱ्या कापडाने. चिंध्या आणि कॉटन वेस्ट यांचे धागे स्ट्रेनरमध्ये जाऊन अडकतात. सक्शन स्ट्रेनर (पंपाकडे जाणारे तेल गाळणारी जाळी) धुतला, ब्रीदर (टाकीत हवा आतबाहेर जाण्याची गाळणी) नवा बसवला. कूलर उतरवून उलट्या दिशेने फ्लश केला. पाण्यासारखे स्वच्छ फ्लशिंग ऑइल आले तरी शंका राहिली म्हणून शेवटी नवाच घेतला. हा खर्च जिवावर येतो, पण पंप फुटून चुरा पसरलेल्या मशीनवर जुना कूलर ठेवणे हा जुगार आहे. पंप ते व्हॉल्व्ह आणि व्हॉल्व्ह ते मोटर हे होज सोडून त्यांतून हवेच्या दाबाने स्पंजच्या गोळ्या मारल्या. गोळी स्वच्छ येईपर्यंत. कंट्रोल व्हॉल्व्हचे स्पूल (आत सरकणारे दांडे) काढून धुतले, ओरखडे तपासले. सिलिंडरमधले तेल एकेक करून बाहेर काढले: इंजिन बंद, दाब सोडलेला, बूम आणि आर्म जमिनीवर टेकलेले, मग एका बाजूची लाइन सोडून तेल ड्रममध्ये.

नवे तेल बॅरलमधून बादलीने न ओतता १० मायक्रॉनच्या फिल्टर ट्रॉलीतून भरले. सीलबंद बॅरलमधले नवे तेल स्वच्छच असते हा गैरसमज आहे. बॅरल भरताना आणि वाहतुकीत त्यात कण येतात. आणि सुरू करण्याआधीची एक पायरी, जी चुकली तर बाकी सगळे वाया: पंपाच्या ड्रेन पोर्टमधून पंपाचे कवच (केस) तेलाने काठोकाठ भरणे आणि हवा काढणे. कोरडा पंप सुरू केला तर काही सेकंदांत शू घासतात. मग दहा मिनिटे कमी आरपीएमवर, लीव्हरला हात न लावता. पुढचे ५० तास फक्त बकेट. रिटर्न फिल्टर १० तासांना आणि पुन्हा ५० तासांना बदलून, दोन्ही कापून पाहिले. रिलीफ व्हॉल्व्ह गेज लावून मूळ आकड्यावर आणला.

ब्रेकरही उघडला. खालचे बुश मर्यादेपलीकडे गेले होते, छिन्नीच्या वरच्या टोकाच्या कडा चेपल्या होत्या. बुश, डस्ट सील आणि सील किट बदलली. ब्रेकरची रिटर्न लाइन मेन कंट्रोल व्हॉल्व्हमधून न नेता वेगळ्या फिल्टरमधून थेट टाकीत नेली. यात मोठे कौशल्य नाही, पण भाड्याच्या ब्रेकरवर हा फिल्टर जवळजवळ कधीच दिसत नाही.

पैसे

धरलेले आकडे: २४० लिटर तेल ५०,००० रुपये, रिटर्न फिल्टर ५,०००, तेलाची एक चाचणी २,०००, पंपाची दुरुस्ती ३ लाख, मशीन उभे राहिल्याचा रोजचा निव्वळ तोटा (हप्ता, ऑपरेटरचा पगार, अडकलेले टिपर) १०,०००.

पहिला बिघाड: दुरुस्ती ३,००,०००, तेल ५०,०००, फिल्टर व इतर १०,०००, बारा दिवस उभे १,२०,०००. एकूण ४,८०,०००.
दुसरा बिघाड: दुरुस्ती ३,००,०००, तेल ५०,०००, कूलर ९०,०००, व्हॉल्व्ह व लाइनची सफाई ६०,०००, अठरा दिवस उभे १,८०,०००. एकूण ६,८०,०००.

दोन्ही मिळून ११,६०,०००.

आता ब्रेकरचा तक्ता पाळला असता तर? बकेटला तेल ४,००० तास आणि ब्रेकरला ६०० तास, म्हणजे तेलाच्या दृष्टीने ब्रेकरचा एक तास बकेटच्या ६.६७ तासांइतका. फिल्टरला १,००० आणि १००, म्हणजे एकास दहा. ८० टक्के ब्रेकर धरला तर तेल साधारण ७२० तासांना आणि फिल्टर १२० तासांना येतो. (कंपनीने आलेख दिला असेल तर हा अंदाज सोडून तोच वापरावा.) दर १,००० तासांना तेलाचे ७०,०००, आठ फिल्टरचे ४०,०००, चार चाचण्यांचे ८,०००, छिन्नीच्या ग्रीसचे ६,०००, एकूण १,२४,०००. जुन्या पद्धतीत याच सगळ्याला दर १,००० तासांना १९,५०० च्या आसपास लागत होते. फरक तासाला सुमारे १०५ रुपये. ब्रेकर लागल्यापासून दुसऱ्या बिघाडापर्यंत २,६२० तास झाले, म्हणजे जास्तीचा खर्च २,७५,००० रुपये झाला असता.

हा फरक मोठा दिसतो, पण एक गोष्ट मान्य करायला हवी. दुसरा बिघाड टळला असता, म्हणजे पहिल्याच वेळी कूलर आणि लाइन साफ केल्या असत्या, तर बिल ६,३०,००० वर थांबले असते. वाचलेल्या पैशातला मोठा वाटा तेल वेळेवर बदलण्यापेक्षा अर्धवट दुरुस्ती टाळण्याचा आहे.

तासाला १०५ रुपयेही कमी करता येतात. दर २५० तासांना फिल्टर ट्रॉली लावून तेल टाकीतल्या टाकीत गाळले आणि चाचणी चांगली आली, तर ७२० तासांचा आकडा पुढे सरकवता येतो. चाचणीत तेलातल्या कणांची संख्या सांगणारा आयएसओ ४४०६ चा तीन आकड्यांचा कोड येतो. पिस्टन पंपाला १८/१६/१३ च्या आसपासचे लक्ष्य धरतात. त्यातला कुठलाही आकडा एकाने वाढला म्हणजे त्या कणांची संख्या दुप्पट. सोबत सिलिकॉन (धूळ), तांबे (शू), क्रोमियम (सिलिंडर रॉड), लोखंड आणि पाणी किती ते कळते. एका अहवालापेक्षा तीन सलग अहवालांतला चढ महत्त्वाचा. नमुना तेल गरम असताना, टाकीच्या मध्यातून, हातपंपाने घ्यायचा. ड्रेन प्लगमधून घेतलेला नमुना तळाचा गाळ दाखवतो. चाचणीत व्हिस्कॉसिटी (तेलाचा जाडपणा) घसरलेली दिसली तर मात्र गाळून उपयोग नाही, तेल बदलायचेच.

ब्रास आणि ग्रीस

छिन्नीला दर दोन तासांनी ग्रीस लागते, ग्रीस गनचे १५ ते २० दाब. साधे चेसिस ग्रीस उष्णतेने पातळ होऊन गळून जाते; तांबे किंवा ग्रॅफाइटयुक्त छिन्नी पेस्ट हवी. भरताना ब्रेकर उभा, छिन्नी दगडावर टेकवून बूमने दाबलेली, म्हणजे छिन्नी पूर्ण आत गेलेली असावी. लोंबत्या छिन्नीत ग्रीस भरले तर ते पिस्टन आणि छिन्नीच्या मधल्या पोकळीत साचते आणि पहिल्याच ठोक्याला सील फोडते.

हे ऑपरेटरला माहीत होते. तरी तो ग्रीस दिवसातून एकदाच करत होता, कारण त्याचा जादा भत्ता ब्रासवर होता. १०० घनफुटांचा ब्रास जितका जास्त तितका भत्ता. दहा मिनिटे थांबणे म्हणजे स्वतःच्या खिशातून देणे. याच कारणाने तो एकाच जागी मिनिटभर ठोकत राहायचा, छिन्नीने दगड उचकटायचा आणि दगड फुटल्यावर हवेत ठोके जाऊ द्यायचा. अर्ध्या मिनिटात दगड फुटला नाही तर जागा बदलायची, हा साधा नियम. हवेतले ठोके थ्रू बोल्ट (ब्रेकरचे भाग एकत्र आवळून धरणारे लांब बोल्ट) तोडतात.

इथे पोस्टर लावून काही झाले नसते. भत्त्याची रीत बदलली. ग्रीसिंगचे चार थांबे कामाच्या तासांत धरले आणि ब्रासच्या भत्त्यातला काही भाग छिन्नी व बुशच्या आयुष्याला जोडला. हेल्परला स्वतःची ग्रीस गन दिली, कारण एकच गन दोन मशीनमध्ये फिरत असेल तर ती नेहमी दुसऱ्या मशीनवर असते. लॉगबुकात दोन रकाने झाले: बकेटचे तास, ब्रेकरचे तास. दुकानातले वीस पानी चेकलिस्ट आणून भरून घेण्यापेक्षा हे दोन रकाने खरे भरले जाण्याची शक्यता जास्त.

भाड्याच्या ब्रेकरसाठी करारात तीन ओळी वाढल्या. ब्रेकर येतानाच बुशची फट मोजून दोघांनी सही करायची, होजच्या तोंडांना लोखंडी टोप्या असल्याशिवाय तो उतरवून घ्यायचा नाही, आणि मशीनला जोडण्याआधी होजमधले तेल ड्रममध्ये काढायचे.

हे वेळापत्रक कुठे लावू नये

कटिंग संपून मशीन पुन्हा भरावाच्या मातीकडे वळले की १२० तासांना फिल्टर बदलत राहणे म्हणजे पैसे उधळणे. ब्रेकर २० टक्क्यांवर आला तर याच गणिताने तेल १,८७० तासांना आणि फिल्टर ३६० तासांना येतो. पावसाळ्यात काम बंद असते तेव्हा तेलापेक्षा सिलिंडर रॉड सांभाळायचे. उघड्या रॉडवर गंजाचे खड्डे पडले की ते पुढच्या हंगामात वायपर (रॉडवरची धूळ पुसणारी रबरी कड) आणि सील कापतात, आणि धूळ पुन्हा आत येते. रॉड शक्य तितके आत घेऊन मशीन उभे करायचे, उघड्या भागावर ग्रीसचा हात फिरवायचा, डिझेल टाकी भरून ठेवायची म्हणजे आत बाष्प धरत नाही, आणि आठवड्याला वीस मिनिटे चालवून सगळे सिलिंडर पूर्ण हलवायचे. चालवण्याआधी रॉडवरचे जुने ग्रीस पुसायचे, नाहीतर त्याला चिकटलेली वाळूच सीलखाली जाते.